घरचे गणित : वर्गाच्या पुढे असलेल्या मुलासाठी

प्राथमिक शाळेतल्या एखाद्या मुलाला गणित लवकर उमगते, हे पाढ्यांवरून ओळखता येत नाही. पाढे घोकून येतात, आणि भराभर आकडेमोड सरावाने जमते. खुणा निराळ्याच असतात. अडतीस आणि सत्तावीस यांची बेरीज करताना दुसरीतले मूल सत्तावीसमधले दोन काढून अडतीसला देते, चाळीस आणि पंचवीस करते, आणि उत्तर सांगते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. सर्वांत मोठी संख्या कोणती, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर ते ‘त्यात एक मिळवला तर?’ असे विचारते. बसच्या तिकिटावरच्या आकड्यांशी, जिन्याच्या पायऱ्यांशी, फरशीच्या चौकटींशी त्याचा काही ना काही खेळ चाललेला असतो. अशी काही मुले चक्क हळू असतात. उत्तर आल्यावरही ती थांबतात, कारण दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येते का हे त्यांना पाहायचे असते. घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीत ती मागे पडतात आणि घरच्यांच्या नजरेतून निसटतात.

अशा मुलाचे वर्गात काय होते, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. प्रत्यक्षात कित्येक वर्गांत मुले याहून जास्त असतात, आणि लहान गावांतल्या शाळांत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना जमत नाही, असे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या पाहण्या वर्षानुवर्षे दाखवत आल्या आहेत. शिक्षकाचे लक्ष त्या मुलांकडे जाणार, आणि ते तिकडेच गेले पाहिजे. पुढे असलेले मूल दिलेली दहा उदाहरणे पाच मिनिटांत सोडवते. मग त्याला तशीच आणखी दहा मिळतात, किंवा शेजारच्याला मदत करायला सांगितले जाते.

मुलाला येणारा कंटाळा हे यातले लहान नुकसान. मोठे नुकसान असे की, चार-पाच वर्षे त्याला गणितात एकदाही अडावे लागत नाही. अडणे, वेगळी वाट धरणे, रात्रभर प्रश्न मनात ठेवून सकाळी पुन्हा वही उघडणे, ही सवय लागायची ती वर्षे तशीच निघून जातात. आठवी-नववीत भूमितीची सिद्धता किंवा अवघड बीजगणित समोर येते तेव्हा ते मूल पहिल्यांदा अडते, आणि आपल्याला आता गणित जमत नाही असे धरून चालते. आजवर गणित येणे याचा अर्थ लगेच येणे असाच त्याने लावलेला असतो. घरच्या पूरक गणिताचे पहिले काम त्यामुळे ठरून जाते : मुलाला त्याच्या मापाचे, त्याला अडवतील असे प्रश्न भेटत राहावेत.

पालकांच्या मनात मात्र पहिला विचार येतो तो पुढच्या इयत्तेच्या पुस्तकाचा. तिसरीच्या मुलाला चौथीचे पुस्तक, ते संपले की पाचवीचे. ही वाट सोपी असते, कारण पुस्तक तयार असते आणि प्रगती पानांत मोजता येते. पण त्यातून बहुतेक वेळा दोन गोष्टी घडतात. पुढच्या वर्षी वर्ग आणखी नीरस होतो, कारण सगळेच आधी झालेले असते. आणि पुढच्या इयत्तेतल्या रीती अर्थावाचून हाती येतात : अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे हे मुलाला येते, पण अर्ध्या भाकरीत पाव भाकरीचे तुकडे किती, असे विचारले तर ते गोंधळते. आहे त्याच इयत्तेच्या गणितात खोल जाण्याला पालकाकडून जास्त विचार लागतो, पण मुलाला त्यातूनच जास्त मिळते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि साधे अपूर्णांक एवढ्या सामग्रीतून पुरी दोन-तीन वर्षे पुरतील इतके प्रश्न निघतात. ते कसे, हे काही नमुन्यांवरून दिसेल.

मराठी घरात पहिली खाण भाषेतच आहे. मराठीत संख्या लिहिताना दशक आधी येतो आणि बोलताना एकक : एकवीस, बावीस, तेवीस. लहान मुलांचा यात गोंधळ होतो, म्हणून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची पद्धत आली आणि तिच्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. लवकर उमगणाऱ्या मुलासाठी तोच गोंधळ शोधाचा विषय होऊ शकतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांतल्या ‘एकोण’चा अर्थ एक उणा. म्हणजे एकोणतीस या शब्दातच तीस वजा एक ही वजाबाकी दडलेली आहे. एकोणतीसला सहाने गुणायचे असेल तर शब्दच वाट दाखवतो : तीस सक एकशे ऐंशी, त्यातून सहा गेले, एकशे चौऱ्याहत्तर. मग मुलाला विचारावे, हा नियम कुठपर्यंत चालतो? एकोणनव्वदपर्यंत तो बिनचूक चालतो आणि नव्याण्णववर मोडतो, ‘एकोणशंभर’ कोणी म्हणत नाही. हिंदीत तो त्याआधीच, नवासीवर मोडतो. नियम शोधणे, तो ताणून पाहणे आणि कुठे तुटतो ते सांगणे, हे गणितातले अस्सल काम आहे, आणि सात वर्षांचे मूल ते करू शकते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तर इथे दोन भाषांची तुलनाच हाती मिळते.

दुसरी खाण घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळी शाळांतून म्हणून घेतले जात. औट म्हणजे साडेतीन. आज ते पाठ करण्याची गरज नाही, पण ज्या आजी-आजोबांना ते अजून येतात त्यांच्याकडून ऐकून लिहून काढण्यासारखे ते नक्की आहेत. तिसरी-चौथीच्या मुलाने पाचपर्यंतची दिडकी आणि सहापर्यंतची सवायकी स्वतः मांडली की त्याला दिसते, सहाची सवायकी साडेसात आणि पाचाची दिडकीही साडेसात. असे आणखी कुठे होते? दहाची दिडकी पंधरा आणि बाराची सवायकीही पंधरा, इथपर्यंत मूल आपणहून पोचते. त्यानंतर ‘पाच आणि सहाच का?’ हा प्रश्न उरतो, आणि त्यातून मुलाला गुणोत्तर हा शब्द न वापरता गुणोत्तर शिकवता येते.

तिसरा नमुना रांगोळीचा. ठिपक्यांच्या रांगोळीची मापे घराघरांत तोंडपाठ असतात : पंधरा ते आठ, सात ते चार, पाच ते तीन. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग दोन्ही अंगांना चौदा, तेरा, असे उतरत आठपर्यंत, प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. एकूण ठिपके किती? मोजून काढणे हा एक मार्ग. एका अंगाचे चौदापासून आठपर्यंतचे सत्त्याहत्तर, तितकेच दुसऱ्या अंगाचे आणि मधले पंधरा, मिळून १६९, हा दुसरा. पण खरी गंमत लहान रांगोळ्यांपासून सुरू केल्यावर येते. एकच ठिपका असेल तर १. तीन ते दोनमध्ये ७, पाच ते तीनमध्ये १९, सात ते चारमध्ये ३७, नऊ ते पाचमध्ये ६१. या संख्यांतले फरक ६, १२, १८, २४ असे येतात. का? रांगोळी षटकोनी आहे, प्रत्येक नवे कडे आधीच्या भोवती बसते, आणि कड्याच्या सहा बाजूंना प्रत्येकी एक ठिपका वाढतो. एवढे मुलाने अंगणात खडूने काढून पाहिले की ते पुन्हा विसरत नाही.

इथे बरेच पालक थांबतील. पण याच्या पुढची पायरी अधिक सुंदर आहे, आणि तीही चौथीतल्या मुलाच्या आवाक्यातली. या संख्यांची क्रमाने बेरीज करत जावे : १, मग १ आणि ७ मिळून ८, त्यात १९ मिळवून २७, त्यात ३७ मिळवून ६४, त्यात ६१ मिळवून १२५. हे सगळे घन आहेत : एक, दोन, तीन, चार आणि पाच यांचे. सपाट रांगोळीतून घन का निघावेत? उत्तर हातात धरून पाहता येते. लहान लहान लाकडी ठोकळे किंवा साखरेचे चौकोनी खडे रचून चार बाय चार बाय चारचा मोठा ठोकळा करावा आणि त्याच्या एका कोपऱ्याकडे सरळ पाहावे. समोर तीन बाजू दिसतात आणि बाहेरची रेषा षटकोनी दिसते. दिसणारे ठोकळे मोजले तर सदतीस भरतात. ते काढून टाकले की आत तीन बाय तीन बाय तीनचा ठोकळा उरतो. सात ते चारची रांगोळी म्हणजे ठोकळ्याचे ते एक साल. पंधरा ते आठची रांगोळी म्हणजे आठच्या घनाचे साल, आणि तिच्यात आणखी एक नवल आहे : १६९ हा तेराचा वर्गही आहे. एकच्या पुढे या मालिकेत पूर्ण वर्ग असलेली ही पहिलीच संख्या. एवढ्या गोष्टींना बेरीज, गुणाकार आणि अंगण यापलीकडे काही लागले नाही.

घोकंपट्टीचा सरावही शोधात मिसळता येतो, आणि त्यासाठी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याइतकी चांगली सोबत दुसरी नाही. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळत होते. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येची गोष्ट मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसलेली. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर तेच करत राहावे. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. त्यानंतर दरवेळी ६१७४च. सातपेक्षा जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत. हातच्याच्या वजाबाकीला कंटाळलेले मूल या नादात एका बैठकीत वीस-वीस वजाबाक्या करते, आणि चूक झाली की ६१७४ येत नाही म्हणून आपली चूक आपणच शोधते.

पुढचा प्रश्न मुलाकडूनच येतो, किंवा यायला हवा : तीन अंकी घेतली तर? तेव्हा ४९५ येते. दोन अंकी घेतली तर मात्र एका जागी थांबत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. या पाचही संख्या नवाच्या पाढ्यातल्या आहेत, आणि तसे का, हे चौथी-पाचवीचे मूल दशक-एकक मांडून स्वतः शोधू शकते : ७३ मधून ३७ वजा करताना सात दशकांतून तीन दशक जातात, म्हणजे चाळीस, पण एककात तीनमधून सात म्हणजे चार कमी पडतात, म्हणून उरतात ते चारचे नऊपट. पालकाने हे आधी सांगून टाकले तर त्या दिवसाचे गणित तिथेच संपते.

जुन्या ग्रंथांपैकी भास्कराचार्यांच्या लीलावतीचा घरी खरा उपयोग होऊ शकतो. हा ग्रंथ ११५० मधला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, त्यामुळे खानदेशातल्या मुलांना हा माणूस आपल्या गावाकडचा वाटायला हरकत नाही. त्यातले भुंग्यांचे उदाहरण असे : थव्यातला पाचवा भाग एका झाडावर गेला, तिसरा भाग दुसऱ्या झाडावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एक भुंगा उरला. आज हे क्ष मानून सोडवले जाते, म्हणून पालक ते सातवीपर्यंत बाजूला ठेवतात. पण लीलावतीत अशा उदाहरणांसाठी इष्टकर्म नावाची रीत आहे, आणि ती चौथीत जमते. सोयीची कोणतीही संख्या धरायची, समजा तीस. मग सहा, दहा आणि फरकाचे तिप्पट बारा, मिळून अठ्ठावीस गेले आणि दोन उरले. उरायला हवा होता एक, म्हणजे धरलेली संख्या दुप्पट मोठी होती. उत्तर पंधरा. ही रीत हाती आलेल्या मुलाला पुढे बीजगणित शिकताना क्ष म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागत नाही.

सामग्री सापडली तरी काम कसे चालवायचे हा प्रश्न उरतो, आणि घरोघरी चुका होतात त्या इथेच. रोज तासभर बसवणे प्राथमिक वयाला झेपत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा वीस मिनिटे, एकच प्रश्न, आणि तो सुटला नाही तर उद्यावर ठेवायची मोकळीक, एवढे पुरते. एक स्वतंत्र वही असावी. तिच्यात तारीख, प्रश्न आणि फसलेले प्रयत्नही राहावेत, काहीही खोडू नये. दोन महिन्यांनी न सुटलेला प्रश्न पुन्हा काढला की मुलाला स्वतःची वाढ दिसते. पालकाच्या तोंडी सतत असावा असा प्रश्न एकच : ‘कसे काढलेस?’ तो उत्तर बरोबर असतानाही विचारायचा. फक्त चुकल्यावरच विचारला तर मूल तो ऐकताच उत्तर बदलते. आणि मूल गप्प बसून विचार करत असेल तर मोठ्या माणसानेही गप्प बसावे, हे सांगायला सोपे आणि करायला फार अवघड आहे.

‘आम्हालाच गणित येत नाही,’ ही अनेक आई-वडिलांची अडचण असते. इथे ती फारशी आड येत नाही. ज्याचे उत्तर पालकालाही ठाऊक नाही असा प्रश्न दोघांनी मिळून सोडवताना मूल एक गोष्ट पाहते जी शाळेत क्वचितच दिसते : मोठे माणूस अडले आहे, चुकते आहे, आणि तरी घाबरलेले नाही. कौतुकाच्या बाबतीतही सावध राहावे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या पाचवीच्या मुलांच्या बुद्धीची स्तुती केली गेली त्यांनी पुढे सोपे काम निवडण्याकडे कल दाखवला आणि अपयशानंतर ती लवकर ढेपाळली. ज्यांच्या प्रयत्नांची स्तुती झाली ती टिकून राहिली. नातेवाइकांसमोर ‘आमचा हुशार’ म्हणून पाढे म्हणवून घेणे याच कारणाने टाळलेले बरे.

बाजारातले वर्ग आणि परीक्षा यांची जागा नीट ओळखायला हवी. अबॅकसच्या वर्गांतून आकडेमोडीचा वेग आणि एकाग्रता येऊ शकते, पण समज पुढे असलेल्या मुलाची भूक वेगाची नसते. ‘वैदिक गणित’ या नावाने शिकवल्या जाणाऱ्या युक्त्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातल्या आहेत. त्यातली एखादी युक्ती घेऊन ती का चालते हे शोधायला लावले तर तो उत्तम पाठ होतो, नुसती पाठ करून घेतली तर ती आणखी एक घोकंपट्टी. शिष्यवृत्ती परीक्षेतले गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न अनेकदा चांगले असतात. पर्याय झाकून ते सोडवले तर त्यांची किंमत आणखी वाढते. मात्र त्याच परीक्षेसाठी दीड वर्ष रोज सराव संच सोडवून घेतले की, ज्या मुलाला विचार करायला आवडत होते त्यालाच विचार न करता खूण करायची सवय लागते.

वाचायला मराठीत चांगले साहित्य आहे. मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ मुलांशी थेट बोलते. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून करायच्या खेळण्यांची आणि पुस्तकांची जी भांडारे खुली केली आहेत, त्यांत मराठी पुस्तकेही आहेत आणि ती सगळी मोफत मिळतात. याशिवाय नुसता चौकटींचा कागद, एक जुना तराजू, दोरी, पत्त्यांचा जोड आणि काड्यापेट्या घरात असाव्यात. टॅबवरच्या सराव खेळांची मदत होते ती पाढे पक्के करण्यापुरती. नाणी, बदाम आणि टाळ्यांचा आवाज यांनी मूल खेळाकडे बघते, संख्येकडे बघत नाही.

शाळेशी सलोखा राखणे हाही या कामाचाच भाग आहे. शिक्षकांकडे ‘आमच्या मुलाला वर्ग पुरत नाही’ अशी तक्रार नेली तर त्या मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. एखादी ठोस विनंती बहुतेक शिक्षक आनंदाने मान्य करतात : दहा सारख्या उदाहरणांऐवजी त्याला पाच द्यावीत आणि उरलेल्या वेळात घरून आणलेला एक प्रश्न वहीत सोडवू द्यावा. मुलालाही सांगावे लागते की वर्गातली रीत मांडून लिहिणे हे वेगळे कौशल्य आहे आणि तेही शिकायचेच आहे. मनातल्या मनात उत्तर काढणाऱ्या मुलांना पायऱ्या लिहिणे जाचते, पण दुसऱ्याला आपला विचार समजावा म्हणून लिहिणे ही पुढच्या सिद्धतांची पहिली पायरी असते. आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राला तेच गणित कष्टाने येते म्हणून तो कमी ठरत नाही, हे घरातल्या बोलण्यातूनच मुलाला कळते.

काही मुले खरोखरच इयत्तेच्या पलीकडे जातात. पूर्ण संख्या आणि अपूर्णांक यांतले प्रश्न ती सहज उलगडतात, ऋण संख्या आपणहून शोधून काढतात, अक्षर वापरून नियम लिहायला लागतात. त्यांना अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पुढचा भाग त्यांना द्यावा, मात्र प्रत्येक टप्प्यावर ‘का’ विचारून. अशा वेळी घरच्यांचे गणित अपुरे पडू लागते आणि बाहेरची सोबत शोधावी लागते. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार कित्येक दशके केला आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान शाळकरी मुलांसाठीही उपक्रम चालवते. माध्यमिक शाळेत गेल्यावर गणित ऑलिंपियाडची वाट खुली होते. तिची देशपातळीवरची व्यवस्था मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. ज्या गावात यातले काहीच नाही तिथे गणितात रमणारा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा निवृत्त शिक्षक रविवारी तासभर मिळाला तरी चालते. त्याने शिकवणी घेऊ नये. दोन-तीन मुलांना एक प्रश्न द्यावा आणि ती आपसांत वाद घालत असताना फळ्यापासून दूर बसावे.